बीपीची गोळी, ग्रेपफ्रूट आणि आतड्यातलं एक एन्झाइम

बीपीच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेला जो कागद असतो ना, त्यावर मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ सापडते की ही गोळी ग्रेपफ्रूट ज्यूससोबत घेऊ नये. आपल्याकडे ग्रेपफ्रूट, म्हणजे संत्र्याच्या कुळातलं ते कडवट फळ, खातंय कोण, आणि तो कागद तरी वाचतंय कोण, त्यामुळे ती ओळ तशीच कचऱ्यात जाते. पण त्या एका ओळीमागची भानगड इतकी मस्त आहे की रक्तवाहिन्या, एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं उरकणारी प्रोटीनं) आणि झाडांमधली रसायनं या तिन्ही गोष्टी एका दमात समजून घ्यायच्या असतील तर मी तरी हेच उदाहरण देईन. गंमत म्हणजे ते फळ रक्तवाहिनीला थेट काहीच करत नाही, तरी बीपी धाडकन खाली येऊ शकतं. मग होतं काय नेमकं?

कॅनडात ओंटारिओमध्ये लंडन नावाचं एक शहर आहे, तिथे डेव्हिड बेली नावाचे संशोधक १९८० च्या दशकात फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर काम करत होते. त्यांना बघायचं होतं की या गोळीवर दारू घेतली तर काय होतं. आता असा प्रयोग करताना माणसाला कळता कामा नये की आपल्या ग्लासात दारू आहे की नुसतंच पाणी, नाहीतर त्या समजुतीनेच नाडी आणि बीपी वरखाली व्हायला लागतं. म्हणून दारूची चव झाकेल असं काहीतरी हवं होतं, तर बेलींनी घरच्या फ्रीजमधले एकेक ज्यूस दारूत मिसळून बघितले आणि त्यात ग्रेपफ्रूटचा कडवट ज्यूस एकदम फिट बसला. झालं, दोन्ही गटांना ग्रेपफ्रूट ज्यूस, एकात दारू, एकात नाही.

रिझल्ट आले तेव्हा दारूचा परिणाम दिसला, पण त्यापेक्षा विचित्र गोष्ट ही की दोन्ही गटांच्या रक्तात फेलोडिपिनचं प्रमाण आधीच्या अभ्यासांपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं, म्हणजे ज्यांनी दारू घेतलीच नव्हती त्यांच्याही. गोळी चुकीची दिली का, मोजमाप चुकलं का, सगळं तपासून झालं, सगळं बरोबर होतं. उरला फक्त ज्यूस. मग बेलींनी स्वतःवरच प्रयोग केला, एकदा पाण्यासोबत गोळी, एकदा ज्यूससोबत, आणि ज्यूससोबत घेतल्यावर रक्तातलं औषध साधारण पाचपट भरलं. १९८९ मध्ये दारूवाला अभ्यास छापून आला आणि १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात खास ज्यूसवरचा. त्यात फक्त ६ पुरुष होते, बीपी जरासं वाढलेले, आणि पाण्यासोबत जेवढं औषध रक्तात पोचतं त्याला १०० धरलं तर ग्रेपफ्रूट ज्यूससोबत सरासरी २८४ पोचलं. संत्र्याच्या ज्यूसने काहीच फरक पडला नाही. आणि त्या सहा जणांत एकाचा आकडा १६४ होता तर दुसऱ्याचा ४६९, हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आधी फेलोडिपिन शरीरात करते काय ते बघू. आपल्या हृदयातून निघालेल्या मोठ्या धमन्या फुटत फुटत बारीक होत जातात आणि केशवाहिन्यांच्या जरा आधी ज्या एकदम बारीक धमन्या असतात त्यांच्या भिंतीत स्नायूंचा वेटोळा थर असतो. बीपी किती राहणार हे मोठ्या प्रमाणात हा थर ठरवतो, तो आवळला की नळी बारीक आणि दाब वर, सैल पडला की दाब खाली. आणि इथलं गणित साधं सरळ नाहीये, नळीची त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी वाढली तर तेवढ्याच दाबाला त्यातून साधारण ४६ टक्के जास्त रक्त जातं, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. म्हणजे स्नायूंनी नुसतं हूं म्हणायची खोटी, बीपी लगेच हलतं.

तो स्नायू आवळतो कशामुळे? कॅल्शियममुळे. पेशीच्या आवरणात कॅल्शियम आत यायचे खास मार्ग असतात, ते उघडले की कॅल्शियम आत घुसतं, आत कॅलमोड्युलिन नावाच्या प्रोटीनला चिकटतं, ही जोडी मग एका एन्झाइमला जागं करते (त्याचं नाव मायोसिन लाइट चेन कायनेज, नाव पाठ करायची गरज नाही) आणि ते एन्झाइम मायोसिन या स्नायूतल्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतं, की स्नायू आवळला. फेलोडिपिन, निफेडिपिन, अॅम्लोडिपिन ही सगळी एकाच घरातली भावंडं, नावाच्या शेवटी डिपिन लागतं ती, सगळ्यांचं काम एकच की कॅल्शियमचे ते मार्ग बंद धरायचे. कॅल्शियम आत कमी, एन्झाइम झोपलेलं, स्नायू सैल, बीपी खाली. औषध प्रमाणात असेल तर छान, पण तेच औषध रक्तात तिप्पट चौपट झालं तर बीपी गरजेपेक्षा खाली जातं, उभं राहिलं की गरगरतं, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, आणि हृदय घाबरून जोरात धावायला लागतं.

आता मुद्दा हा की गोळी तीच, तेवढ्याच मिलीग्रॅमची, मग रक्तात जास्त औषध आलं कुठून? उत्तर असं की ते गोळीतच होतं, फक्त एरवी ते रक्तापर्यंत पोचतच नाही. दिल्लीतून निघालेल्या रुपयातले पंधराच पैसे गरिबापर्यंत पोचतात असं राजीव गांधी १९८५ मध्ये म्हणाले होते ते आठवतंय? फेलोडिपिनचं अगदी तेच, आणि आकडाही तोच, गिळलेल्या औषधातलं साधारण १५ टक्केच शाबूत रक्ताभिसरणात पोचतं. बाकीचं मधले दलाल खातात. आणि औषध बनवणाऱ्यांना हे माहीत असतं, म्हणून त्यांनी डोसच असा ठरवलेला असतो की ८५ टक्के खाल्ले गेले तरी उरलेल्या १५ मध्ये काम भागावं.

तर हे दलाल कोण? एक टोळी असते, सायटोक्रोम पी-४५० नावाची, एन्झाइमांचं मोठं कुटुंब. त्यांच्या पोटात हीम असतं, म्हणजे लोखंडाचा अणू धरून बसलेली तीच चकती जी आपल्या हिमोग्लोबिनमध्ये असते, आणि तिच्यावर विशिष्ट परिस्थितीत ४५० नॅनोमीटरचा प्रकाश शोषला जातो म्हणून हे ४५० नाव. हिमोग्लोबिन त्या लोखंडावर ऑक्सिजन फक्त वाहून नेतं, हे एन्झाइम मात्र तो ऑक्सिजन वापरून समोर येईल त्या परक्या रसायनावर रासायनिक प्रक्रिया करतं, जेणेकरून ते पाण्यात विरघळावं आणि शरीराबाहेर जावं. या कुटुंबातला सगळ्यात खादाड मेंबर म्हणजे सीवायपी३ए४. आज बाजारात असलेल्या औषधांपैकी साधारण निम्म्या औषधांचा निकाल लावण्यात याचा हात असतो. फेलोडिपिनचं तर हा फारसं काही करत नाही, तिच्या कड्यातले दोन हायड्रोजन काढून घेतो, बस्स, आणि तेवढ्याने ती गोळी बीपीच्या कामातून बाद.

बहुतेकांना वाटतं की औषधं मोडायचं काम लिव्हरचं. बरोबर आहे, पण अर्धंच. सीवायपी३ए४ लहान आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींमध्येही ठासून भरलेलं असतं. म्हणजे औषध आतड्यातून रक्तात शिरतानाच पहिला घास तिथेच घेतला जातो, मग पोर्टल शिरेतून ते लिव्हरमध्ये जातं, तिथे दुसरा घास, आणि मग जे काही उरेल ते बाकी अंगाला.

ग्रेपफ्रूट नेमक्या कुठल्या दलालाला गप्प बसवतं हे शोधायचा एक सोपा आणि हुशार मार्ग होता. तेच फेलोडिपिन गोळीऐवजी थेट शिरेतून द्यायचं. तसं दिलं तर ते आतड्याच्या भिंतीतून जातच नाही. आणि तसं करून बघितल्यावर ज्यूसचा काही परिणामच दिसला नाही! म्हणजे लिव्हर आपलं काम नेहमीसारखं करतंय, गडबड आतड्यात आहे. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत मिशिगनमधल्या टीमने सरळ माणसांच्या आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासले, ज्यूस प्यायच्या आधी आणि काही दिवस दिवसातून तीन ग्लास पाजल्यानंतर. आतड्यातलं सीवायपी३ए४ सरासरी ६२ टक्के कमी झालं होतं. लिव्हरमधलं जसंच्या तसं. आणि अजून एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट, ते एन्झाइम बनवायचा जो निरोप पेशीच्या जीनकडून निघतो त्यात काहीच घट नव्हती. म्हणजे कारखान्यात उत्पादन चालूच होतं, तयार झालेला माल मात्र नष्ट होत होता.

आता नष्ट कोण करतंय? पहिला संशय गेला नॅरिंजिनवर, कारण ग्रेपफ्रूटला तो जो कडवटपणा असतो तो त्याचाच, ज्यूसमध्ये ते भरपूर असतं आणि संत्र्यात नसतं. सगळं जुळत होतं. पण नुसतं नॅरिंजिन पाण्यात कालवून माणसांना दिलं तर ज्यूससारखा परिणाम काही मिळेना. मला हा भाग फार आवडतो, कारण वनस्पतींवरच्या संशोधनात हीच खोड नेहमी आड येते, जे रसायन जास्त आहे आणि ज्याची चव लागते त्यालाच आपण हिरो किंवा व्हिलन ठरवून मोकळे होतो. खरे गुन्हेगार निघाले ते फ्युरॅनोकौमारिन नावाच्या गटातले, बर्गामोटिन आणि त्याचा एक भाऊ डायहायड्रॉक्सीबर्गामोटिन, नॅरिंजिनच्या मानाने अगदी किरकोळ प्रमाणात असणारे. शेवटचा पुरावा २००६ मध्ये आला, ग्रेपफ्रूट ज्यूसमधून फक्त फ्युरॅनोकौमारिन काढून टाकले, बाकी सगळं तसंच ठेवलं, आणि तो ज्यूस फेलोडिपिनसोबत दिला. परिणाम जवळपास गायब.

हे फ्युरॅनोकौमारिन एन्झाइमला मारतात कसं, तर एन्झाइमच्याच सवयीचा फायदा घेऊन. सीवायपी३ए४ ला कुठलंही परकं रसायन दिसलं की ऑक्सिडाइझ करायची खाज असते, तसं ते बर्गामोटिनलाही पकडतं. पण ऑक्सिजन लावल्या लावल्या त्याच्या कड्यातून एक अतिशय तापट तुकडा तयार होतो आणि तो बाहेर पडायच्या आत तिथेच एन्झाइमला कायमचा चिकटतो. संपलं ते एन्झाइम. पेशी मग त्या मेलेल्या एन्झाइमची विल्हेवाट लावते. बायोकेमिस्ट्रीत याला चक्क सुसाइड इनहिबिशन म्हणतात, म्हणजे एन्झाइम स्वतःच्या हाताने स्वतःला संपवतं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते जी खूप लोकांना पटत नाही. सकाळी ज्यूस घ्यायचा आणि रात्री गोळी, मध्ये बारा तासांची गॅप, मग काय होतंय? होतं ना. ज्यूस पोटातून कधीच निघून गेला तरी मेलेलं एन्झाइम परत जिवंत होत नाही, पेशींनी नवीन बनवेपर्यंत थांबावं लागतं. एका ग्लासाचा, म्हणजे २००-२५० मिलीचा, परिणाम दुसऱ्या दिवशीही दिसतो आणि पूर्ण उतरायला तीनेक दिवस जाऊ शकतात. वेळेचं अंतर ठेवून उपयोग नाही, एकतर ज्यूस बंद किंवा डॉक्टरांना विचारून गोळी बदलून घ्यायची.

आणि आता तो १६४ आणि ४६९ चा फरक. प्रत्येकाच्या आतड्यात सीवायपी३ए४ सारखं नसतं, काहींच्यात भरपूर, काहींच्यात जेमतेम. ज्याच्या आतड्यात जास्त दलाल होते त्याच्यात ते मेल्यावर फरकही मोठा पडला, ज्याच्यात मुळातच कमी होते त्याला फारसं काही जाणवलं नाही. म्हणून अमक्या काकांनी रोज ज्यूस पिऊन काही झालं नाही याला अर्थ नसतो, काकांचं आतडं तुमच्याकडे नाहीये.

बरं, झाडाने हे असलं रसायन बनवलंच कशाला? आपल्या बीपीशी त्याला काय देणंघेणं. ते आहे किड्यांसाठी. पान खाणाऱ्या अळीच्या पोटातही हेच पी-४५० कुटुंब असतं, झाडांची विषं मोडायला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात मे बेरेनबॉम यांनी आयुष्यभर याच भांडणाचा अभ्यास केला, त्यात एका फुलपाखराची अळी सापडली जी गाजराच्या कुळातल्या फ्युरॅनोकौमारिनवाल्या झाडांवर मजेत जगते, कारण तिच्याकडचं पी-४५० हे विष मोडण्यात तरबेज झालंय. आपल्याकडे लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी बघितली असेल ना, ती त्याच फुलपाखराच्या नात्यातली. आपली आतडी या भांडणात उगाच मध्ये सापडलीत.

आणि फ्युरॅनोकौमारिन आपल्याला अगदी नवीन आहेत असंही नाही. बावची माहीत असेल, कोडावर तिच्या बियांचं तेल लावून उन्हात बसायला सांगतात. त्यातलं सोरालेन हे याच गटातलं. ऊन पडलं की ते कातडीच्या पेशीतल्या डीएनएला जाऊन चिकटतं, म्हणून त्याचा डोस चुकला की फोड येतात. १९७० च्या दशकात याच सोरालेनच्या भावंडाची गोळी आणि सोबत अतिनील किरण अशी ट्रीटमेंट हॉस्पिटलमध्ये सुरू झाली, सोरायसिससाठी. एकाच गटातली रसायनं, एक कातडीवर उन्हात काम करतं, एक आतड्यात अंधारात. घरी बावची लावून प्रयोग करू नका एवढं मात्र सांगतो, भाजल्यासारखी कातडी निघते.

मग आपण काय खातो त्यातलं काय चालतं? नागपूरचं संत्रं आणि मोसंबी, दोन्हीत हे फ्युरॅनोकौमारिन नसल्यात जमा, तेव्हा त्यांच्यावर संशय घेऊ नका. ग्रेपफ्रूट मुळात जन्मलंच अठराव्या शतकात वेस्ट इंडिजमध्ये, बार्बाडोसला, पपनस आणि मोसंबी-जातीचं संत्रं यांच्या आपोआप झालेल्या संकरातून, आणि ही खोड त्याने पपनसाकडून घेतलीय. हो, तेच आपलं पपनस, कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या वेळी माटोळीला टांगतात ते, ज्याच्या गुलाबी फोडी मीठ-तिखट लावून खातात. पपनसाने सायक्लोस्पोरिन या औषधाची रक्तातली पातळी वाढल्याचं अभ्यासात दिसलंय. किडनी बदललेल्या माणसाला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असतं, आणि त्यांच्यात कमी डोस म्हणजे किडनी नाकारली जाणार आणि जास्त डोस म्हणजे त्याच किडनीला विष, असं अगदी चिंचोळं अंतर असतं. अशांना पपनस नकोच. बाकी बीपी-शुगर नसलेल्या माणसाने सणाला चार फोडी खाल्ल्या तर काही होत नाही, गैरसमज नको.

आपल्याकडे बीपीसाठी सगळ्यात जास्त चालते ती अॅम्लोडिपिन, आणि तिचं मात्र ज्यूसने जवळपास काही बिघडत नाही. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. अॅम्लोडिपिन गिळली की ६४ ते ९० टक्के रक्तात पोचतेच. रुपयातले सत्तर-ऐंशी पैसे आधीच पोचत असतील तर दलाल हटवून मिळणार किती? म्हणजे ज्या औषधाचं एरवी सगळ्यात जास्त वाया जातं तेच ग्रेपफ्रूटने सगळ्यात जास्त वाढतं. कोलेस्टेरॉलची सिमवास्टॅटिन हे त्याचं टोकाचं उदाहरण, ती एरवी ५ टक्क्यांहून कमी पोचते. फिनलंडच्या अभ्यासात दुप्पट घट्ट ज्यूस दिवसातून तीन वेळा दिल्यावर तिची रक्तातली मात्रा सोळापट झाली, आणि रोज एक साधा ग्लास दिल्यावरही साडेतीनपटीच्या आसपास. स्टॅटिन एवढं वाढलं की स्नायूंच्या पेशी फुटायला लागू शकतात, आणि ती घाण गाळताना किडनी बसते. रोसुवास्टॅटिन या मार्गाने मोडतच नाही, तिला हा त्रास नाही.

आता इथे एक उलटा झटका आहे. स्टेंट टाकलेल्यांना क्लोपिडोग्रेल देतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. ही गोळी गिळताना निष्क्रिय असते, शरीरातल्या पी-४५० टोळीनेच तिला कामाच्या रूपात बदलायचं असतं. म्हणजे इथे दलाल म्हणता येणार नाही, इथे त्यांच्याशिवाय पानच हलत नाही. ग्रेपफ्रूट ज्यूससोबत तिचं कामाचं रूप रक्तात जवळपास सातव्या हिश्शावर आलं, पुन्हा फिनलंडचाच अभ्यास. म्हणजे फळ तेच, एन्झाइमला मारायची पद्धत तीच, पण एका गोळीचा डोस आकाशाला आणि दुसरीचा जमिनीत. अॅलर्जीची फेक्सोफेनाडिन तिसऱ्याच कारणाने कमी पोचते, तिला आतड्यातून आत ओढून घेणारं एक वाहक प्रोटीन असतं, ते फळांच्या रसाने अडतं आणि त्यात संत्रं, सफरचंदही आले. तेव्हा ती गोळी साध्या पाण्यासोबतच घ्या. बेली यांनी २०१३ मध्ये यादी काढली तेव्हा ग्रेपफ्रूटशी भांडणाऱ्या औषधांची संख्या ८५ च्या वर गेली होती, त्यातल्या ४३ मध्ये गंभीर त्रास होऊ शकतो असं त्यांनी लिहिलं.

तुमच्या मनात आलं असेलच की मग हे मुद्दाम का वापरू नये, अर्धी गोळी आणि वर ज्यूस, पैसे वाचले. हे डोकं आधीच लोकांनी लावलंय. शिकागोत २०१२ मध्ये कॅन्सरच्या पेशंटना सिरोलिमस हे औषध ग्रेपफ्रूट ज्यूससोबत देऊन बघितलं, रक्तातली पातळी साडेतीनशे टक्क्यांपर्यंत गेली आणि फार कमी औषधात भागलं. पण त्याच अभ्यासात सुरुवातीला वापरलेल्या डब्यातल्या ज्यूसमध्ये कामाचं रसायनच नाही असं निघालं, मग गोठवलेल्या ज्यूसवर जावं लागलं. फळ कुठल्या बागेतलं, कुठल्या महिन्यातलं, रस कसा काढला, सगळ्याने प्रमाण बदलतं, मग डोस ठरवायचा कशाच्या जोरावर? म्हणून डॉक्टर हेच काम मोजून मापून रिटोनाव्हिरने करतात. कोविडमधली पॅक्सलोव्हिड आठवते का, त्यात दोन प्रकारच्या गोळ्या असायच्या, एक व्हायरसवरची आणि दुसरी रिटोनाव्हिर, जिचं तिथे काम एवढंच की सीवायपी३ए४ ला गप्प बसवायचं, म्हणजे पहिलीला कुणी खाणार नाही.

हाच खेळ आपल्या मिरीचाही आहे, आणि हे आपल्या घरातलं आहे म्हणून जास्त लक्ष द्या. काळ्या मिरीतलं पायपरिन प्रयोगशाळेत सीवायपी३ए४ ला आणि आतड्यातून औषध परत बाहेर ढकलणाऱ्या एका पंपाला, दोघांनाही अडवताना दिसलंय. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात १९९८ मध्ये २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत (हळदीतलं पिवळं रसायन) २० मिलीग्रॅम पायपरिन दिल्यावर रक्तात पोचणारं कर्क्युमिन २० पट वाढलं, आणि तेव्हापासून हळदीच्या कित्येक कॅप्सूलवर मिरीचा अर्क अभिमानाने छापलेला असतो. त्या वीसपटीबद्दल एक सांगायला हवं, कर्क्युमिन एकटं घेतलं तर रक्तात जवळपास सापडतच नाही, त्यामुळे जवळपास शून्याची वीसपट किती मोठी ते तुम्हीच ठरवा. २० मिलीग्रॅम पायपरिन म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेरची मिरी, काही आभाळ फाटलेलं नाही. रोजच्या स्वयंपाकात तेवढी जात असेल तर तुमच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी बीपी बघत बघत त्यासकटच जुळवलेला असतो. पण पायपरिन फक्त हळदीलाच बोट धरून रक्तात सोडतं असं नाही, भारतातल्याच अभ्यासात प्रोप्रॅनोलॉल (बीपीचं) आणि थिओफिलिन (दम्याचं) या औषधांचीही रक्तातली पातळी त्याने वाढली होती. मधेच एका दिवशी शेजाऱ्याने सांगितलं म्हणून कॅप्सूल सुरू केली, की ते जुळवलेलं गणित हलतं, आणि हे केमिस्टला किंवा डॉक्टरला सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण ते औषध थोडीच आहे, हळद-मिरी तर आहे.

जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेच्या कामावरून टीबीसाठी पायपरिन घातलेली एक गोळी २००९ मध्ये आपल्याकडे बाजारात आली, तिच्यात १० मिलीग्रॅम पायपरिन घातलं आणि त्याच वेळी तिच्यातलं टीबीचं औषध रिफाम्पिसिन नेहमीच्या ४५० वरून २०० मिलीग्रॅमवर आणलं. मिरी वाढवली तर औषध कमी केलं. हळदीच्या कॅप्सूलच्या डबीवर तुमच्या बीपीच्या गोळीचा डोस किती कमी करायचा ते कुठेच लिहिलेलं नसतं.